मुनीचा पहिला शब्द

थ्रेलकोम, सॉमरसेट
३ सप्टेंबर १७६८

प्रिय हेस्टर मावशी,

एकोणतीस तारखेच्या मायकेलमसच्या सणाला तू येणार की नाही ते अजून कळवलं नाहीस, म्हणून काकांनी मला पुन्हा पत्र लिहायला बसवलं आहे. त्या दिवशी दुपारी बाराला आमच्या मुनीची सात वर्षं पुरी होतात. तबेल्यावरच्या घड्याळाचे ठोके संपले की काका गुहेसमोर उभे राहून म्हणणार, "सायलस, आता बोल," आणि तो सात वर्षांनी तोंड उघडणार. तो पहिला शब्द ऐकायला अर्धा परगणा लोटणार आहे. जनरल फॅनशॉ म्हणतात, तो 'बिअर' म्हणेल. पाद्रीबाबांना वाटतं 'आमेन'. जेवणाच्या टेबलावर रोज हाच विषय.

तू इथे शेवटची आलीस तेव्हा दिवाणखान्याच्या खिडकीतून टेकडीखालचं गाव दिसायचं. आता तिथे तळं आहे. गाव नजरेच्या आड जावं म्हणून काकांनी ते पाडलं आणि लोकांना रस्त्यापलीकडे, जागा मिळेल तिथे पाठवलं. घरांचे दगड वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचीच तळ्याकाठी गुहा बांधली. आतून तिला शिंपले लावले ते काकूने. तिच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत ती रोज तिथे बसून चुन्यात शिंपले दाबायची, मी हातात देत जायची. ती गेल्यावर काकांना ती रिकामी गुहा बघवेना. कुणीतरी सुचवलं, मोठमोठ्या बागांतून हल्ली शोभेला गुहेत राहणारा मुनी पगारी ठेवतात, तुम्हीही ठेवा. असा सायलस ट्रेंचर आला. विणकर होता. त्याचं घर पाडलेल्या गावातच होतं.

करार तुला माहीत असावा म्हणून सांगते. सात वर्षं गुहा आणि तिच्यापुढची झाडं यांच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. केस, दाढी, नखं कापायची नाहीत. अंगात एकच भरड झगा, पायात काही नाही. समोर जाड पोथी, वाळूचं घड्याळ आणि एक कवटी. आणि कुणाशीही, एकही शब्द बोलायचा नाही. सगळं पार पाडलं तर गिरणीजवळचं छोटं घर त्याला आणि त्याच्या मुलीला हयातभर. काही चुकलं तर काहीच नाही.

मावशी, तो हे पुरं करेल याची मला शंका नाही. तो ते पुरं करून जगेल का, याची आहे. गेल्या वसंतात काकांनी गुहेच्या आत धबधबा आणवला. वरच्या ओढ्याचं पाणी शिंपल्यांवरून उतरतं, फार सुरेख दिसतं, आणि त्याच्या बसायच्या जागेमागची भिंत दिवसरात्र पाझरते. तेव्हापासून तो खोकतो आहे. मी काकांना म्हटलं, निदान पाणी बंद करा.

"अगं, गुहा म्हटली की ओल आलीच," काका म्हणाले. "कोरडी असली की तिला कोठार म्हणतात."

सगळे हसले. मीही जरा हसले, त्याची मला लाज वाटते. वर काकांनी वकिलाला विचारून घेतलं आहे की खोकला म्हणजे बोलणं होतं का. वकिलांचं मत पडलं की होत नाही. पण खोकल्यातून एखादा शब्द स्पष्ट ऐकू आला तर करार मोडला. हे गमतीत नाही, लेखी दिलं आहे.

तुझं काका ऐकतात. तू लवकर ये आणि त्यांना सांग की थोडे दिवस राहिले आहेत, ते माफ करून टाका. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
टॅमसिन


बाथ
९ सप्टेंबर

लाडके टॅमसिन,

येते आहे, सणाच्या दिवशी सकाळी. त्याच्या आधी जमणार नाही, कारण इथल्या गरम झऱ्यांच्या पाण्याने माझे गुडघे जरा ताळ्यावर येत आहेत आणि डॉक्टर मला सोडायला तयार नाही. बरा दिसणारा डॉक्टर आहे, म्हणून मीही हट्ट करत नाही.

तुझ्या मुनीबद्दल सगळं वाचलं. पोरी, तू लहानपणी तबेल्यातल्या प्रत्येक आजारी मांजरासाठी असंच पत्र पाठवायचीस. मांजरं तगली, हाही तगेल. विणकर माणसं खोकतातच. लोकर छातीत जाते. पलीकडच्या परगण्यात एकाने असाच मुनी ठेवला होता. तीन आठवड्यांत तो दारूच्या गुत्त्यात सापडला, मांडीवर गवळण आणि तोंडाला कुलूप नाही! तुमचा सात वर्षं टिकला. असला माणूस शेवटच्या पायरीवर कशाला कोसळेल?

आणि दिवस माफ करा म्हणून तुझ्या काकासाहेबांना मी का सांगू? त्यात त्यांचाही विरस आणि त्याचाही. ज्याने एवढं सोसलं त्याला शेवटी टाळ्या मिळू देत. चांगला मटणाचा रस्सा पाठवत जा त्याला. आणि हे लक्षात ठेव, दयेच्या भरात तू त्याला चुकून बोलतं केलंस तर घर तू घालवशील, काका नव्हे.

करड्या रंगाचा रेशमी झगा घालू की जांभळा? शिंपल्यांपुढे कुठला उठून दिसेल ते कळव.

हेस्टर


थ्रेलकोम
२२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

करडा घाल. जांभळा घाल. मला काही सुचत नाही.

रस्सा पाठवला. परत आला, साय धरलेला. तेव्हा मी काकूची लोकरीची रग घेऊन गेले. तो भिंतीच्या कोनाड्यात बसला होता, गुडघे छातीशी. मी रग त्याच्या खांद्यांवर टाकली तर त्याने दोन्ही हातांनी ती घट्ट धरली. मावशी, ती नखं! वळून तळव्यात रुतली आहेत. दुसऱ्या दिवशी काकांनी रग उचलायला लावली. म्हणाले, चौकटीचौकटीची रग पांघरलेला मुनी म्हणजे भाड्याच्या गाडीतला उतारू दिसतो.

मी इतकी रडले, ओरडले, की काकांनी शेवटी डॉक्टर बोलावला. काका वाईट नाहीत, मी अजूनही हेच म्हणते. डॉक्टरने छातीला कान लावला आणि उठून सरळ सांगितलं, "याला आज इथून हलवा. कोरड्या खोलीत, शेगडीपाशी. नाहीतर मी कशाचीच हमी देत नाही."

तेव्हा काकांनी काय केलं ते ऐक. ते सायलससमोर वाकले, अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "सायलस, ऐकलंस ना? तुला जायचं असेल तर मान हलव. मी आत्ता माणसं बोलावतो. पण मग करार संपला, घर नाही. राहायचं असेल तर राहा. तुझी मर्जी. मी जबरदस्ती करणारा माणूस नाही."

सायलसने काकांकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे. मग त्याने नकारार्थी मान हलवली.

काका उभे राहिले, मला म्हणाले, "पाहिलंस? विचारलं की नाही मी?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. मला धक्का त्याचाच बसला. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, अशा माणसाशी काय करायचं?

मी तिथून थेट दुधाच्या कोठीत गेले. सायलसची मुलगी केझिया आमच्याकडे लोणी काढते, कोठीवरच्या माळ्यावर झोपते. मला वाटलं, बापाला ती तरी उठवील. मी म्हटलं, "केझिया, तू जाऊन सांग त्यांना, घर नको म्हणावं. मी तुला माझ्याजवळ ठेवीन. तुझं काही कमी पडू देणार नाही."

तिने रवी थांबवली नाही. "तुमच्याजवळ म्हणजे कुठं, मिस?"

"म्हणजे इथेच. हवेलीत."

"तुमची आहे का हवेली?"

"ती काकांची आहे."

"तुमचं लग्न झालं की तुम्ही जाल," ती म्हणाली. "मग नवी मालकीण येईल, तिला माझं लोणी आवडणार नाही. आमचं घर होतं, मिस. आता तळ्यात त्याच्यावर बदकं पोहतात. बाबांनी मला जाताना सांगितलं होतं, मी बोलेन तेव्हा आपल्याच दाराच्या आत बोलेन. आता आठवड्यासाठी त्यांची सात वर्षं पाण्यात घालू नका. पाया पडते. जाऊ नका तिकडं."

म्हणजे त्याला वाचवायला मी एकटीच निघाले आहे आणि ज्याला वाचवायचं तो, आणि त्याची मुलगी, दोघंही माझी वाट अडवून उभी आहेत. त्यांचं चूक म्हणायची माझी हिंमत होत नाही. मावशी, मला कुणीतरी सांगा की मी चुकते आहे, म्हणजे मला झोप लागेल.

टॅमसिन


मोडलेल्या गाडीसकट, वाटेतल्या एका खाणावळीत
३० सप्टेंबर

लाडके टॅमसिन,

गाडीचा आस मोडला, लोहार प्यायलेला, आणि इथला भाजलेला हंस कालच्या सणाचाच उरलेला दिसतो. म्हणून ही संध्याकाळ तुला.

आधी भांडते. एवढ्या लांब आले आणि तुझं तोंडही दिसलं नाही! तुझे काकासाहेब म्हणाले, तिचं डोकं दुखतं आहे, वर पडली आहे, कुणी जाऊ नका. मला ते पटलं नाही. पण जेवून लगेच निघायचं होतं, माझ्या गुडघ्यांना तुमचा जिना नको होता, आणि घाईत राहून गेलं.

बरं, तुझं काय हुकलं ते ऐक, आणि त्या माणसाची काळजी सोड. असा देखावा मी जन्मात पाहिला नाही!

ऊन पडलं होतं. वरच्या भोकातून उजेडाचा झोत थेट त्याच्यावर. शिंपले असे चमकत होते जणू समुद्र आताच ओसरला आहे. आणि मधोमध तो, ताठ, मान किंचित झुकलेली, दाढी मांडीपर्यंत, हात पोथीवर. डोळे अर्धे मिटलेले. बायका कुजबुजायच्या थांबल्या. जनरलनी टोपी काढली, आणि तो माणूस चर्चमध्येसुद्धा नाखुशीने काढतो.

बाराचे ठोके पडले. तुझे काका पुढे झाले, छोटंसं भाषण केलं, तुझ्या काकूचं नाव घेतलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला. मग म्हणाले, "सायलस ट्रेंचर, तू मोकळा आहेस. आता बोल."

आम्ही थांबलो. पाणी पडत होतं तेवढाच आवाज. तो काही बोलेना. तुझे काका परत म्हणाले, "बोल, सायलस." काही नाही. माझ्याशेजारच्या बाईने माझा दंड धरला होता. शेवटी पाद्रीबाबा पुढे आले, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाले, "सर जर्व्हेस, त्याला आता शब्दांची गरज उरलेली नाही. तो शब्दांच्या पलीकडे गेला आहे." काय वाक्य! आणि मग टाळ्या. जनरलसुद्धा, आणि त्यांची 'बिअर' हुकली होती. अशा टाळ्या बाथच्या नाटकशाळेत पडत नाहीत.

आम्ही एकेक करून त्याच्या पुढून गेलो. मी टोपलीतल्या द्राक्षांचा एक घोस त्याच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "मुनिमहाराज, तुमच्या घरात सुखाने राहा." हात बर्फासारखा गार होता, पण त्या गुहेत माझं नाकही तसंच झालं होतं. पापणी लवली नाही बघ त्याची! लोकांची एवढी वर्दळ, आणि हा आपल्याच तंद्रीत. मी तर म्हणते, तुझ्या काकांनी आधी एक टवाळी म्हणून ठेवलेला माणूस खरोखरचा मुनी होऊन बसला.

तेव्हा आता रडणं पुरे. घर त्याचं झालं. तुझं डोकं कसं आहे?

हेस्टर


थ्रेलकोम
३ ऑक्टोबर

मावशी,

तो मेला होता.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू द्राक्षं ठेवलीस तेव्हा तो मेला होता. जनरलनी टोपी काढली तेव्हा मेला होता. पाद्रीबाबांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा, टाळ्यांच्या वेळी, काकांचा आवाज भरून आला तेव्हा. तुझा द्राक्षांचा घोस त्याच्या हातात तसाच होता. केझियाला बोटं उघडून तो काढावा लागला.

माझं डोकं दुखत नव्हतं. समारंभात मी काही गोंधळ घालीन म्हणून काकांनी माझ्याकडून दिवसभर खोलीबाहेर न येण्याचं वचन घेतलं होतं, आणि मी दिलं होतं, कारण केझियानेही तेच मागितलं होतं. मी खिडकीपाशी बसून होते. गुहा तिथून दिसत नाही. बाराचे ठोके ऐकले, मग बराच वेळ काही नाही, आणि मग टाळ्या. मावशी, मला वाटलं तो बोलला. मी आनंदाने रडले.

तुम्ही सगळे हंस खायला आत गेलात तेव्हा केझिया नवे जोडे घेऊन त्याला आणायला गेली. अनवाणी बापाला जोडे घालून तिला घरी चालवत न्यायचं होतं. ती ओरडली नाही. हातात जोडे तसेच धरून ती माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "मिस, जरा येता? बाबांचे पाय वळत नाहीत."

मी वचन मोडून गेले. तो लाकडासारखा झाला होता. डॉक्टर म्हणाला, पहाटे किंवा त्याच्याही आधी कधीतरी गेला. आणि मी सांगते ते वाचायच्या आधी खाली बस. झग्याच्या आत, त्याच्या छातीभोवती, घोड्याचा पट्टा होता. मागच्या भिंतीतल्या कडीला बांधलेला. काकांनी आदल्या दिवशी माळ्याला सांगून ठेवलं होतं की त्याला ताठ बसवत नसेल तर काहीतरी टेकू द्या, पाहुण्यांपुढे लवंडायला नको. माळी सकाळी अंधुक उजेडात गेला, त्याला वाटलं झोपला आहे. झोप लागली तर बरंच, म्हणून न उठवता त्याने पट्टा आवळला. खरं कळल्यावर तो माळी तबेल्याच्या मागे बसून ओकत होता.

काकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी मढ्यापुढे भाषण केलं?" आणि थोड्या वेळाने, "कुणाकुणाला माहीत आहे?"

त्यांनी अजून सायलसचं नाव घेतलेलं नाही.

कारभारी काल म्हणाला की बाराच्या आत मेला असेल तर करार पुरा झाला नाही, तेव्हा घराचा प्रश्न उद्भवत नाही. दहा तारखेला कोरोनर येतो आहे, मृत्यूची चौकशी करायला. पंच बसतील, साक्षी होतील. मी सगळं सांगणार आहे. धबधबा, रग, डॉक्टर काय म्हणाला ते, पट्टा. भर सभेत, शपथेवर. निदान एकदा तरी या माणसाबद्दल इथे कुणीतरी खरं बोललंच पाहिजे. तू माझ्या बाजूने उभी राहशील ना? तू त्याचा हात धरला होतास.

टॅमसिन


बाथ
६ ऑक्टोबर

टॅमसिन,

तुझं पत्र आल्यापासून मी त्या हाताला दोनदा साबण लावला. हसू नकोस. हसणार नाहीस, माहीत आहे.

पहिला दिवस मी काही करू शकले नाही. दुसऱ्या दिवशी डोकं चालायला लागलं, आणि ते कसं चाललं ते तुला आवडणार नाही. तरी नीट वाच.

तुझ्या काकासाहेबांना दोन गोष्टी हव्या आहेत. एक, मढ्यापुढे भाषण केल्याची छी-थू होऊ नये. दोन, घर द्यावं लागू नये. पोरी, या दोन्ही एकदम होत नाहीत! घर द्यायचं नाही तर म्हणावं लागेल, तो बाराच्या आधी मेला. म्हणजे अर्ध्या परगण्याला त्यांनी प्रेत दाखवलं. आणि लाज राखायची तर म्हणावं लागेल, पाहुणे होते तोवर तो जिवंत होता, नंतर गेला. मग बारा वाजून गेले, करार पुरा झाला, घर केझियाचं.

तेव्हा मी त्यांची निवड सोपी करून टाकली. काल पंपरूममध्ये, झऱ्याचं पाणी प्यायला जमलेल्या सकाळच्या गर्दीत, मी तीन बायकांना सांगितलं की द्राक्षं देताना मुनीने माझी बोटं दाबली. हलकेच. आशीर्वादासारखी. संध्याकाळपर्यंत ते माझ्याकडे परत आलं तेव्हा तो माझ्याकडे बघून हसलाही होता. पाद्रीबाबांनाही कुणीतरी कळवलं आहे. त्यांचं वाक्य खोटं पडत नाही म्हटल्यावर ते शपथेवर सांगतील की मुनी श्वास घेत होता. जर्व्हेसला आता मागे फिरता येणार नाही.

फक्त तू आडवी येऊ नकोस.

तू खरं बोललीस तर काय होईल? काकांना कोणी फासावर देणार नाही. त्याला विचारलं होतं, त्याने मान हलवली होती, डॉक्टर साक्षीला. चार दिवस लोक नावं ठेवतील. तुझं मन हलकं होईल. आणि ती मुलगी रस्त्यावर येईल. त्या माणसाने सात वर्षं जे मागितलं ते तुझ्या एका वाक्याने जाईल. खरेपणा तुझा, किंमत तिची. तुला हे चालत असेल तर जरूर बोल.

हेस्टर


थ्रेलकोम
२० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

घर केझियाला मिळालं. तुला आधी ते सांगते.

चौकशी आमच्याच नोकरांच्या जेवणघरात झाली. टेबलावर तो, चादरीखाली. पंचांमध्ये पाडलेल्या गावचे चार जण होते. त्यांनी चादर वर करून पाहिलं, छातीवर पट्ट्याचा वळ स्वच्छ दिसत होता, आणि त्यांनी चादर परत खाली सोडली. कुणी काही विचारलं नाही.

काका म्हणाले, बाराला तो जिवंत होता, त्यांना अजिबात शंका नाही. पाद्रीबाबांनी त्याचा श्वास पाहिला होता. डॉक्टरला आणि माळ्याला साक्षीला बोलावलंच नव्हतं. केझियाला विचारलं. "बारानंतर जिवंत होते, साहेब," ती म्हणाली. कशावरून? "मी जोडे दाखवले तर हसले." आवाज जराही हलला नाही. पट्टा सोडवताना तिची नखं तुटली होती, ते हात तिने पोटाशी धरले होते.

मग मला. मी रात्रभर ठरवत होते. एकदा खरं बोलायचं, एकदा खोटं. उभी राहिले तेव्हाही ठरलं नव्हतं. कोरोनरने विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत, मिस?" मी म्हटलं, "मी माझ्या खोलीत होते. बाराचे ठोके पडले. मग मला टाळ्या ऐकू आल्या."

"टाळ्या? म्हणजे तो बोलला?"

"मला तसं वाटलं," मी म्हटलं.

मावशी, यातला प्रत्येक शब्द खरा आहे. एवढं सोपं असतं, मला माहीत नव्हतं. कोरोनरने मान डोलावली, लिहून घेतलं, आणि मी बसले. मृत्यू नैसर्गिक ठरला. मला वाटलं, एवढ्यात काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. आचारी आत येऊन विचारून गेला, टेबल कधी मोकळं होईल.

रविवारी चर्चच्या अंगणात काकांनी सगळ्यांसमोर केझियाला किल्ली दिली. "थ्रेलकोममध्ये दिलेला शब्द पाळला जातो," ते म्हणाले. लोकांनी टोप्या काढल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. काकांच्याही. त्यांनी केझियाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला खात्री आहे, त्या घटकेला त्यांना स्वतःला पटलं होतं की तो बाराला जिवंत होता. केझियाने किल्ली घेतली, गुडघे वाकवून नमस्कार केला. माझ्या समोरून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबरच आहे. तिच्यासाठी मी काय केलं?

इथपर्यंत असतं तरी मी सहन केलं असतं. तू म्हणालीस तेच झालं, घर राहिलं. मी स्वतःला समजावत होते.

काल चर्चच्या दारावर नवी नोटीस लागली. थ्रेलकोमच्या गुहेसाठी मुनी हवा. मुदत सात वर्षं. अटी पूर्वीच्याच. शेवटी घर.

मी काकांकडे धावले. निदान धबधबा? "मी सांगितलंय ना, नवा येईल तो हट्टाकट्टा पाहून घेऊ," ते म्हणाले. "आणि हे बघ, आता लोकांचा विश्वास बसला आहे."

आज सकाळी मोठ्या फाटकापाशी माणसं उभी होती. रांग लावून, ओल्या गवतात. बहुतेक पाडलेल्या गावचे. आमच्या गाड्यांचा जुना सारथी. विणकर दोघे. पंचांतले दोन, मावशी, ज्यांनी चादर खाली सोडली होती. मी तशीच, टोपी न घालता, त्यांच्यापुढे गेले. कोरोनरसमोर जे बोलले नाही ते सगळं बोलले. म्हटलं, तो बाराच्या आधीच मेला होता. त्याला घोड्याच्या पट्ट्याने बांधून बसवला होता. त्या भिंतीतून पाणी गळतं. घर मिळालं ते खोटं बोलून मिळालं. तुम्ही आत जाऊ नका.

मला वाटलं होतं ते हादरतील.

सारथी म्हणाला, "ठाऊक आहे, मिस. आम्हीच तर त्याला पुरला."

"मग?"

तो जरा अवघडला, जसा माणूस लहान पोराला उघड गोष्ट सांगताना अवघडतो. "मेला तरी घर दिलंच ना मालकांनी?" तो म्हणाला. "आधी आम्हाला वाटायचं, द्यायचे नाहीत. सायलसला हसायचो आम्ही. आता काय, जगलो तर घर, आणि मेलो तरी पोरांना घर."

"तुमच्याच घरांचे दगड आहेत त्या गुहेत!"

"आहेत ना," मागून दुसरा म्हणाला. "माझ्या चुलीचा दारापाशीच आहे. डाव्या हाताला."

कुणीतरी हसलं. कुणीही हललं नाही. ज्या किल्लीने केझियाचं घर उघडलं, तिनेच हे फाटक उघडलं आहे, आणि ती किल्ली आपण तिघींनी मिळून काकांच्या हातात दिली. हे मला तिथे, त्या माणसांसमोर उभं राहून कळलं.

रांगेत सगळ्यात पुढे एक तरुण होता. बायको शेजारी, तिच्या कडेवर मूल. मी त्याचा दंडच धरला. म्हटलं, "तू तरी ऐक. तुझं नाव काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं.

"ते बोलणार नाहीत, मिस," त्याची बायको म्हणाली. तिच्या स्वरात अभिमान होता. "नोटीस वाचल्यापासून सुरू केलंय त्यांनी."

टॅमसिन